बीअरचे किट विकणाऱ्यांनी आधी कायदा सांगावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी बीअर तयार करण्याच्या किटविषयी आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. लेख खेळकर होता आणि एका नव्या छंदाची ओळख करून देण्याचा त्याचा हेतूही चांगला होता. मात्र डबा उघडा, पाण्यात मिसळा, यीस्ट टाका आणि आठवड्याने ग्लास भरा, अशा थाटात सांगितलेल्या त्या कृतीत दोन महत्त्वाच्या गोष्टी राहून गेल्या. महाराष्ट्रात परवान्याशिवाय असे करणे हा गुन्हा आहे, ही पहिली. आणि ज्या देशांत हा छंद कायदेशीर आहे, तिथेही नवशिक्यांची पहिली खेप हमखास बिघडते ती स्वच्छता, तापमान आणि धीर या तिन्हींकडे दुर्लक्ष झाल्यामुळे, ही दुसरी. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. औद्योगिक किण्वन शिकवताना मी फळ्यावर बीअर अनेकदा तयार केली आहे, आणि मुलगा ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला असल्यामुळे ती त्याच्या स्वयंपाकघरात प्रत्यक्ष होतानाही पाहिली आहे. तेवढ्या अधिकाराने हे पत्र लिहीत आहे.

कायद्याचे आधी सांगते, कारण पुरवणी वाचून एखाद्या मुलाने किट मागवले असेल तर त्याला हे आजच कळायला हवे. आपल्याकडे मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ हा कायदा आता महाराष्ट्राच्या नावाने लागू आहे. त्याच्या बाराव्या कलमाने दारू तयार करण्यास मनाई केली आहे आणि कलम ६५ खाली परवान्याशिवाय दारू तयार करणे, ती बाटलीत भरणे, इतकेच नव्हे तर ती तयार करण्याच्या उद्देशाने साहित्य, भांडी व उपकरणे जवळ बाळगणे हेही शिक्षेस पात्र आहे. शिक्षा कैदेची आणि दंडाची आहे. कायद्यातील ‘दारू’च्या व्याख्येत बीअर आणि ताडी तर नावानिशी आहेतच, शिवाय अल्कोहोल असलेले सर्व द्रव पदार्थही आहेत. घरच्यापुरते केले, विकले नाही, मित्रांना पाजले एवढेच, हा बचाव या कायद्यात कुठेही लिहिलेला नाही. आपल्या राज्यात पिण्यासाठीसुद्धा परवाना लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असते आणि बहुतेकजण ते विसरलेले असतात. करण्याच्या बाबतीत अशा विसरभोळेपणाला जागा नाही. म्हणून या पत्रात पुढे जे तंत्र सांगणार आहे, ते नाशिकमध्ये कोणी आजच करून पाहावे यासाठी नाही. आपल्या वाचकांची शेकडो मुलेमुली ज्या देशांत राहतात तिथे हा छंद उघडपणे चालतो, आणि आपल्याकडे कायदा बदलायचा झाला तर तो कशाविषयी आहे हे नीट समजलेले असावे, यासाठी ते सांगत आहे.

किटमध्ये मुख्य वस्तू असते ती घट्ट, काळपट, काकवीसारख्या दिसणाऱ्या अर्काचा डबा. बार्ली, म्हणजे आपला जव, भिजवून त्याला मोड आणतात आणि वाळवतात. त्याला माल्ट म्हणतात. माल्ट भरडून साधारण ६३ ते ६८ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवले की त्यातील अमायलेज विकरे पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. तो गोड काढा, ज्याला वर्ट म्हणतात, हॉप्सच्या वाळक्या फुलांबरोबर उकळला जातो. हॉप्समुळे कडवटपणा आणि सुगंध येतो, शिवाय अनेक जिवाणूंना आळा बसतो. हा सगळा खटाटोप कारखान्यात आधीच झालेला असतो, आणि निर्वात भांड्यात पाणी उडवून तो वर्ट आटवून डब्यात भरलेला असतो. अ‍ॅडलेडच्याच कूपर्स या जुन्या कंपनीचा जो डबा माझा मुलगा वापरतो, तो १.७ किलोचा असतो आणि त्यापासून २३ लिटर बीअर होते. त्यात साधारण किलोभर साखर किंवा डेक्स्ट्रोज (एक साधी साखर) व माल्टोडेक्स्ट्रिन (यीस्टला सहसा न पचणारे, बीअरला दाटपणा देणारे द्रव्य) यांचे मिश्रण घालायचे असते, आणि झाकणाखाली कोरड्या यीस्टची सात ग्रॅमची पुडी असते. नुसती साखर वापरली तर यीस्ट ती पूर्ण खाऊन टाकते, त्यामुळे अल्कोहोल होते पण बीअर पातळ आणि पोकळ लागते. अर्क दोन लिटर गरम पाण्यात विरघळवायचा, उरलेले पाणी थंड ओतून २३ लिटर करायचे, तापमान विशीच्या आसपास आले की यीस्ट वर भुरभुरायचे आणि झाकण लावायचे. अर्ध्या तासाचे काम आहे. त्या अर्ध्या तासाविषयी आपल्या लेखात जे होते ते बरोबर होते.

राहून गेले ते त्याच्या आधीचे आणि नंतरचे. आधीचे म्हणजे स्वच्छता. स्वच्छ करणे आणि निर्जंतुक करणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि पहिली नीट झाल्याशिवाय दुसरीचा उपयोग होत नाही, हे मी वर्गात सांगून सांगून थकले होते. मुलाकडे एकदा बीअरला सारखा आंबूस वास येऊ लागला. तो दरवेळी बादली निर्जंतुक द्रावणाने विसळत असे, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सगळे करत असे. मी त्याला बादलीच्या तळाचा प्लास्टिकचा नळ काढून दोन भागांत उघडायला लावला. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या त्या नळाच्या आत, जिथे एक नळी दुसरीत फिरते त्या फटीत, तपकिरी रंगाचा बुळबुळीत थर साचला होता. तशा थराखाली जिवाणू मजेत राहतात; वरून कितीही द्रावण वाहिले तरी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आधी गरम पाणी आणि सोडियम परकार्बोनेटसारख्या धुण्याच्या पुडीने घासून थर काढायचा आणि मगच निर्जंतुक करायचे. प्लास्टिकला काथ्याने किंवा तारेच्या घासणीने घासू नये, कारण ओरखड्यांत जंतूंना कायमचे घर मिळते. घरात हाताशी आहे म्हणून डेटॉलसारखे वासाचे जंतुनाशक वापरणे तर सर्वांत वाईट. तो वास बीअरला लागला की जात नाही.

यात आपल्याकडचे पाणीही आले. नाशिक शहराला मुख्यतः गंगापूर धरणातून येणारे पाणी क्लोरीन घालून मिळते, आणि ते तसे मिळणेच योग्य आहे. पण क्लोरीनचा माल्टमधील फिनॉल वर्गाच्या संयुगांशी संयोग झाला की क्लोरोफिनॉल तयार होतात, आणि त्यांचा औषधाच्या पट्टीसारखा वास अगदी सूक्ष्म प्रमाणातही नाकाला कळतो. पाणी आधी उकळून गार केले की हा प्रश्न सुटतो. बोअरच्या जड पाण्यापेक्षा फिल्टरचे पाणी बरे, कारण अर्कात लागणारे क्षार कारखान्यातील पाण्यातून आधीच उतरलेले असतात.

नंतरचे म्हणजे तापमान, आणि याबाबत परदेशी किटवरील सूचना नाशिककरांना फसवतील असे माझे स्पष्ट मत आहे. किटमधील यीस्ट बहुधा एल प्रकारचे, म्हणजे उबेत आंबवणाऱ्या बीअरचे, असते आणि त्याला १८ ते २२ अंश तापमान मानवते. लागर या थंडीत आंबवायच्या बीअरच्या यीस्टला तर दहा-बारा अंश लागतात, म्हणजे तो विषय फ्रिजशिवाय सोडूनच द्यावा. यीस्ट साखर खाताना स्वतः उष्णता निर्माण करते. खोलीत २२ अंश असले तर बादलीच्या पोटात दोन-चार अंश जास्त असतात. पंचविशीच्या वर यीस्ट भराभर काम उरकते आणि त्या घाईत फ्यूजेल अल्कोहोल म्हणजे जड अल्कोहोले आणि एस्टर जास्त तयार होतात. परिणामी बीअरला नेलपॉलिशसारखा किंवा पिकून उतरलेल्या केळ्यासारखा वास येतो. इडलीचे पीठ जानेवारीत सकाळपर्यंत फुगत नाही आणि एप्रिलमध्ये पहाटेच आंबून बाहेर येते, हे ज्या घरात रोजचे आहे त्या घरात ही गोष्ट फार समजावून सांगायला नको.

नाशिकचे हवामान या कामाला वाटते तितके अनुकूल नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. डिसेंबर-जानेवारीत तो काही रात्री दहाच्या खाली येतो, निफाडला त्याहून खाली, पण त्याच दिवशी दुपारी पंचविशीच्या पुढे असतो. यीस्टला थंडीपेक्षाही हा हेलकावा जास्त बाधतो. रात्री ते तळाशी बसून स्वस्थ होते, दुपारी अर्धवट जागे होते, आणि साखर पूर्ण न संपताच काम थांबते. अ‍ॅडलेडचा उन्हाळाही असाच कोरडा आणि कडक. तिथली माणसे बादली पाण्याच्या टबात ठेवतात, तिच्याभोवती ओले कापड गुंडाळतात आणि त्याचे टोक पाण्यात सोडतात. पाणी कापडातून वर चढते, त्याची वाफ होते आणि बादली गार राहते. टबातल्या पाण्याच्या साठ्यामुळे दिवसरात्रीचा हेलकावाही कमी होतो. आपल्या कोरड्या एप्रिलमध्ये गोणपाटाने हेच होईल. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मात्र वाफच होत नाही, तेव्हा या युक्तीचा फारसा फायदा नाही. हे सगळे लक्षात घेतले तर आपल्याकडे योग्य काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच उरतो, तोही घरातल्या आतल्या, उन्हाची भिंत नसलेल्या खोलीत. आणि नेमक्या त्याच काळाच्या शेवटी द्राक्षांचा हंगाम सुरू होतो व घराघरांत चिलटे येतात. चिलटांच्या अंगावरून येणारे असेटोबॅक्टर जिवाणू हवेच्या सान्निध्यात अल्कोहोलचा शिरका करतात. त्यामुळे झाकण उघडून ‘जरा बघू’ म्हणण्याची सवय या दिवसांत फार महागात पडते.

आता धीराविषयी, कारण इथे प्रश्न चवीचा न राहता इजेचा होतो. झाकणावरील एअरलॉकमधून (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या पण बाहेरची हवा आत न घेणाऱ्या नळीतून) बुडबुडे येणे थांबले म्हणजे आंबवणे संपले, असे लेखात सुचवले होते. ते चूक आहे. झाकण किंचित सैल असेल तर बुडबुडे मुळीच येत नाहीत, आणि थंडीने यीस्ट थबकले तरीही ते थांबतात. खरी खूण हायड्रोमीटरवर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या काच-दांड्यावर, मिळते. सुरुवातीला तो १.०४२ च्या आसपास दाखवत असेल आणि शेवटी १.०१० वर येऊन ओळीने दोन-तीन दिवस तिथेच राहिला, तर साखर संपली असे समजावे. या दोन आकड्यांतील फरकाला १३१ ने गुणले की अल्कोहोलचे प्रमाण कळते. इथे ते सव्वाचार टक्क्यांच्या जवळ येते. द्राक्षबागायतदारांना यात नवे काही वाटणार नाही. त्यांच्या खिशातला रिफ्रॅक्टोमीटर गोडी मोजतो, तीच गोष्ट हा तरंगता काच-दांडा घनतेवरून सांगतो.

आकडा स्थिर होण्याआधीच बाटल्या भरल्या तर उरलेली साखर बंद बाटलीत आंबत राहते. फेस येण्यासाठी बाटली भरताना लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम साखर घालायचीच असते. ६५० मिलिलिटरच्या बाटलीला चार-पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा. त्यात ही उरलेली साखर मिळाली की दाब वाढत जातो आणि बाटली फुटते. काच उडताना मी स्वतः पाहिलेली नाही, पण मुलाच्या कपाटाच्या आतल्या फळीत रुतलेला तुकडा पाहिला आहे. म्हणून चमच्याने अंदाजे साखर घालणे, पातळ काचेच्या किंवा एकदाच वापरायच्या बाटल्या वापरणे, आणि भरलेल्या बाटल्या उन्हाळ्यात माळ्यावर ठेवणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. बाटली तपकिरी असावी, कारण प्रकाश लागला की हॉप्समधील द्रव्ये बदलून बीअरला उग्र दुर्गंधी येते. भरल्यानंतर दोन आठवडे खोलीच्या तापमानात आणि मग काही दिवस थंडीत ठेवावी लागते. आठवड्याने ग्लास भरणारा माणूस गोड, गढूळ आणि धोकादायक असे काहीतरी पीत असतो, एवढेच म्हणता येईल.

बिघडलेल्या बीअरने माणूस मरतो का, असा प्रश्न मला माझ्याच नात्यातल्या एकाने विचारला आणि त्यामागची भीती मला समजते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसांचा बळी घेतला, ते आपण विसरलेलो नाही. परंतु त्या दारूत विष होते ते औद्योगिक वापराच्या मिथेनॉलचे, बाहेरून मिसळलेले. माल्टचा काढा यीस्टने आंबवल्यावर मिथेनॉल नगण्य प्रमाणात होते. हॉप्स, आम्लता आणि अल्कोहोल यांमुळे रोगकारक जिवाणूंनाही बीअरमध्ये सहसा टिकाव धरता येत नाही; ती बिघडली तर बहुधा आंबट किंवा दुर्गंधीयुक्त होते, आणि माणूस ती मोरीत ओततो. आंबवणे आणि भट्टी लावून गाळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दुसरीत आग असते, ज्वलनशील वाफ असते, तीव्र मद्य असते आणि लबाडीला भरपूर वाव असतो. आपला कायदा या दोन्हींना एकाच कलमात बसवतो.

इतर देशांनी ही रेघ ओढलेली आहे. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बीअर करण्यासाठी परवाना काढावा लागत असे. १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी तो रद्द केला आणि किटचा धंदा त्यानंतरच फोफावला. अमेरिकेत दारूबंदी उठल्यानंतरही घरची बीअर केंद्राच्या कायद्याने निषिद्धच राहिली होती. १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने एका घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत, आणि घरात एकच प्रौढ असेल तर १०० गॅलनपर्यंत, घरगुती वापरासाठी बीअर करण्याची मुभा दिली. तरी अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी आपापले निर्बंध २०१३ मध्येच उठवले. ऑस्ट्रेलियात बीअर चालते, भट्टी चालत नाही, ब्रिटनमध्येही तसेच. विक्रीला कुठेच सूट नाही. जपानची रीत आणखी वेगळी. तिथे एक टक्का किंवा त्याहून अधिक अल्कोहोल असलेले पेय घरी करणे बेकायदा आहे, आणि म्हणून तिथे विकल्या जाणाऱ्या किटवर प्रमाण एक टक्क्याच्या खाली कसे ठेवावे याच्या सूचना असतात. त्या किती जण पाळतात हा प्रश्न सोडून देऊ, पण ग्राहकाला कायदा सांगण्याची जबाबदारी तिथे विकणाऱ्याने घेतलेली आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडे इंटरनेटवर किट विकणारे यीस्टचा वाण, हॉप्सचा देश आणि कुरिअरचा खर्च यांची माहिती देतात, पण कलम ६५ चा उल्लेख मला तरी त्यांच्या पानांवर आढळला नाही.

माझे म्हणणे असे की, महाराष्ट्र शासनाने घरगुती वापरासाठी मर्यादित प्रमाणात बीअर करण्याचा वैयक्तिक परवाना द्यावा. मादक पेये हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्याच्या यादीत आहे, त्यामुळे दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही. राज्याने याआधीही मद्यामद्यात फरक केलेला आहे. बीअरसाठी एकवीस आणि तीव्र मद्यासाठी पंचवीस अशी वयाची वेगळी अट आपल्याच कायद्यात आहे. २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणून राज्याने वाईनला दारूच्या पंक्तीतून उठवून शेतीच्या पंक्तीत बसवले, आणि त्याचे फळ नाशिक जिल्ह्याइतके दुसऱ्या कोणाला मिळाले नाही. विंचूरला वाईन पार्क झाले, वाईनरी पाहायला पर्यटक येऊ लागले, यीस्ट, सल्फाइट आणि टाकीचे तापमान ही भाषा दिंडोरीच्या शेतकऱ्याच्या पोरांच्या तोंडी आली. पुण्यात २००९ च्या सुमारास मायक्रोब्रुअरी, म्हणजे थोड्या प्रमाणात बीअर करून तिथेच विकणारी ठिकाणे, सुरू झाली. आंबवण्याचे शास्त्र शिकलेली मुले ज्या जिल्ह्याला हवी आहेत, त्या जिल्ह्यात ते शास्त्र हाताने करून शिकण्याची कायदेशीर सोय विद्यापीठाच्या प्रयोगशाळेबाहेर कुठेही नाही.

परवाना कसा असावा याविषयी माझी कल्पना फार उदार नाही, हे तरुण वाचकांनी आधीच ऐकून घ्यावे. अमेरिकेचे २०० गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर होतात. ते आपल्याला नको. एका घराला दोन महिन्यांत २३ लिटरची एक खेप पुरे. वय एकवीस पूर्ण, विक्री पूर्ण बंद, भट्टीचे कोणतेही उपकरण घरात आढळल्यास परवाना रद्द, आणि पिण्याच्या परवान्याप्रमाणेच राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे नाममात्र शुल्क भरून नोंदणी. किट विकणाऱ्याने परवान्याचा क्रमांक घेतल्याशिवाय माल पाठवू नये. माल्टच्या अर्कावर किंवा यीस्टवर बंदी घालण्याचे मात्र काही कारण नाही, कारण त्या वस्तू बेकरीतही लागतात.

याला विरोध होईल आणि तो का होईल हेही मी जाणते. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता. मतदानाने बाटली आडवी करणाऱ्या बायांच्या राज्यात ही मागणी एका बाईनेच करावी, याचे काहींना नवल वाटेल. दारूने संसार धुळीला मिळालेली घरे मी विद्यार्थ्यांच्या निमित्ताने जवळून पाहिली आहेत. पण व्यसनी माणूस संध्याकाळची वाट पाहू शकत नाही. तो महिनाभर बादलीपाशी हायड्रोमीटर घेऊन बसणार नाही, आणि आयात केलेल्या डब्याचा खर्च पाहता हे स्वस्तातले पिणे तर मुळीच नाही. तरीही ज्या घरात कोणी व्यसनातून उठत आहे तिथे २३ लिटर बीअर असू नये, आणि घरातल्या दुसऱ्या प्रौढ व्यक्तीची सही अर्जावर बंधनकारक असावी, असे मला वाटते.

खरा कठीण प्रश्न वेगळाच आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागांत मोहाची भट्टी उद्ध्वस्त केल्याची बातमी आपल्याच अंकात वारंवार येते. गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये परदेशी डब्यातून केलेल्या बीअरला परवाना आणि पाड्यावरच्या मोहाला खटला, हे कोणत्या न्यायात बसते, असे कोणी विचारले तर आंबवणे आणि गाळणे यांतील फरक सांगून मी शास्त्रापुरते उत्तर देऊ शकते; सामाजिक न्यायापुरते ते उत्तर अपुरे आहे. कायद्यात दुरुस्ती करायची झाली तर मोहाचा प्रश्नही त्याच टेबलावर यावा आणि त्यासाठी आदिवासी भागातील लोकप्रतिनिधींचे म्हणणे आधी ऐकले जावे.

हे सर्व होईल तेव्हा होईल. तूर्त राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नाशिक कार्यालयाने आपल्या वृत्तपत्रातून दोन प्रश्नांची स्पष्ट उत्तरे द्यावीत, अशी विनंती आहे. न वापरलेले, सीलबंद किट घरात असणे हा कलम ६५ खाली गुन्हा ठरतो की नाही? आणि महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला माल्टच्या वर्टचे किण्वन विद्यार्थ्यांकडून करून घ्यायचे असल्यास कोणत्या नमुन्यात, कोणाकडे अर्ज करावा? संपादक महाशय, आपल्याकडेही एक मागणे आहे. त्या लेखाच्या शेवटी चौकटीत किट कोठे मिळते याची माहिती दिली होती. येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच आकाराच्या चौकटीत, कलम १२ आणि कलम ६५ चा मराठी मजकूर छापावा.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
गंगापूर रोड, नाशिक